सुमनबाई आणि वाकड्या मानेची बाटली

पहिल्या भेटीत सुमनबाई औंढेकरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आलो होतो, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. बाई तिथल्या प्रमुख. दारात उभा राहून मी "नमस्कार मॅडम" म्हणालो, तर समोरच्या चंचुपात्रातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "गाडीत मोसंबी खाल्लीस. शर्ट नवा आहे, एकदाही धुतला नाहीस. आणि डोक्याला जे तेल लावलंस ना, ते उद्यापासून नक्को. माझे नमुने खराब होतात."

मी हात धुऊन आलो. दुसऱ्या दिवसापासून तेल बंद केलं, ते आजतागायत.

बाई उंच, सडसडीत, पन्नाशीच्या आसपासच्या. चेहऱ्यावर बाकी सगळं जपून दिलेलं होतं. बारीक डोळे, पातळ ओठ, एवढीशी हनुवटी. नाकाच्या वेळी मात्र देणाऱ्याचा हात सुटला असावा. पण ते नाक नुसतं मोठं नव्हतं, कामाचं होतं. लाखभर रुपयांची यंत्रं ज्या पिंपावर "ठीक" असा शिक्का मारत, त्या पिंपावर वाकून बाई एकदा श्वास घेत आणि म्हणत, "हौ, पण याला धुवायचं राहिलंय." पुन्हा तपासलं की खरंच राहिलेलं असे. कारखान्यात सगळे त्यांना मागून "नाकवाली अम्मा" म्हणत. हे बाईंना माहीत होतं. स्टोअरकीपर रेड्डी एकदा बोलता बोलता जीभ चावून थांबला, तेव्हा बाई म्हणाल्या, "बोलो ना रेड्डी. नाक है, चोरी का माल थोडी है."

त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मी गोंधळून जायचो. घराणं मूळचं मराठवाड्याकडचं, पण पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेलं. "काय करायलास?" हे त्या विचारत तेव्हा उत्तर द्यायचं की कामाला लागायचं ते कळत नसे. मी एकदा नकळत हसलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं पुण्याचं मराठी इस्त्री केलेलं असतं. आमचं अंगावरच वाळवलेलं आहे. पण धुतलेलं दोन्ही आहे की."

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांना खोटं बोलता येत नसे. साधं, सभ्यतेचं खोटंही नाही. मालकांच्या मुलीच्या लग्नात मालकीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "जेवण कसं आहे?" बाई म्हणाल्या, "बाकी छान. पनीर कालचं आहे." मालकीणबाईंचा चेहरा उतरला. मालकांनी मात्र त्याच पावली भटारखान्यात जाऊन पनीर मागे घ्यायला लावलं. पुढं बाईंचा पगार वाढला तो त्या पनीरमुळेच, असं रेड्डी सांगत असे.

एवढी करारी बाई घरी मात्र थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. नाना औंढेकर वकील. नारायणगुड्यात खाली त्यांचं ऑफिस आणि वर घर. वडील लवकर गेले, तेव्हा नानांनी धाकट्या बहिणीला शिकवलं, एम.एस्सी. केलं आणि त्या बदल्यात तिच्या आयुष्यातले सगळे निर्णय स्वतःकडे ठेवले. बाईंनी लग्न केलं नव्हतं, नानांची पत्नी वारलेली होती, मुलं परगावी. त्या घरात दोघंच. भाजी कोणती, पंखा कितीवर, मासिक कुठलं, सगळं नाना ठरवत. बाईंच्या साड्यासुद्धा सुलतान बाजारातल्या ठरलेल्या दुकानातून तेच आणत. त्यामुळे बाईंच्या सगळ्या साड्या राखी, काळ्या किंवा पांढुरक्या असत. कोर्टात नेसून जाता येतील अशा.

देशाची दारं नुकतीच उघडू लागली होती ते दिवस. आमच्या मालकांनी युरोपात माल पाठवायला सुरुवात केली, आणि फ्रान्समधल्या एका कंपनीनं आमची अख्खी खेप नाकारली. कारण काय, तर मालाला वास येतो. मालक हवालदिल झाले. ती खेप परत आली असती तर कारखान्याला टाळं लागायची वेळ होती. बाई म्हणाल्या, "माझ्या नाकाखालून गेलेल्या मालाला वास येणार नाही. मला दाखवा म्हणावं, कुठं येतो."

म्हणून मालकांनी त्यांनाच पाठवायचं ठरवलं. नाना आधी नको म्हणाले, मग कारखान्याच्या नोकरांची पोटं वगैरे ऐकून हो म्हणाले, आणि बहिणीला पासपोर्टसोबत सूचनांची लांबलचक यादी दिली. कुणाच्या हातचं खायचं नाही, संध्याकाळनंतर बाहेर पडायचं नाही, कशावरही सही करायची नाही.

फ्रान्समध्ये काय झालं ते मला बाईंनीच नंतर सांगितलं. त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत चार-पाच गोरे रसायनतज्ज्ञ, एक दुभाषी मुलगी आणि राखी साडीवर जाड स्वेटर घातलेल्या बाई. त्यांच्यापुढे आमच्या मालाची बाटली ठेवली. बाईंनी वास घेतला. "वास आहे," त्या म्हणाल्या. दुभाषीनं ते सांगताच सगळे समाधानानं माना डोलवू लागले. बाईंनी विचारलं, "ही बाटली ठेवता कुठं?" त्यांना एका फ्रीजपाशी नेलं. बाईंनी फ्रीज उघडला, आत डोकं घातलं आणि खालच्या खणातून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं बाहेर काढलं. एका तज्ज्ञाच्या डब्यातलं चीज होतं ते.

"असं चीज की काय सांगू," बाई म्हणाल्या. "आपल्याकडं घरात असलं काही निघालं असतं तर आधी पाटावरवंटा हलवून खाली उंदीर मेलाय का बघितलं असतं."

सीलबंद पिंप उघडून नवा नमुना काढला. वास नव्हता. खेप मंजूर झाली. त्यांचा म्हातारा साहेब इतका ओशाळला की बाईंना स्वतःच्या गाडीतून गावात घेऊन गेला आणि म्हणाला, आमच्याकडून काहीतरी भेट घ्याच. गाडी एका दारूच्या दुकानासमोर थांबली. बाई आयुष्यात पहिल्यांदा असल्या दुकानाची पायरी चढल्या. दर्शनी फडताळात गमतीच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. एक कोंबड्याच्या आकाराची, एक बुटाच्या, एक मनोऱ्याच्या. आणि त्या सगळ्यांच्या मागे एक हिरवट बाटली. तिची मान बाकदार, एका बाजूला वळलेली, आणि चिठ्ठीवर द्राक्षं नाहीत, राजवाडा नाही, फक्त एक भलंमोठं नाक. दुसरं काहीच नाही.

"मी बघतच राहिले," बाई म्हणाल्या. "नाकाचं चित्र कुणी कौतुकानं काढतं, हे मला माहीतच नव्हतं."

म्हाताऱ्या साहेबानं हात जोडून सांगितलं की ही वाइन गंमत म्हणून विकतात, जाणकार माणूस ती घरात आणत नाही, मी तुम्हाला चांगली देतो. बाई म्हणाल्या, "मला चांगली नक्को. मला हीच पाहिजे." आणि पैसेही त्यांनी स्वतःच्या भत्त्यातून दिले.

आता यातली अडचण अशी की तेव्हा आंध्रात दारूबंदी होती. बाईंना दारूबंदी माहीत होती, पण दारू म्हणजे लोक पितात ती. ही बाटली कपाटात ठेवायला घेतलेली. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी ती आपणहून दाखवली, अधिकाऱ्यानं चालेल म्हटलं, म्हणजे देशाला चाललं. मग त्या रेल्वेनं हैदराबादला निघाल्या.

मी त्यांना आणायला नामपल्ली स्टेशनवर गेलो होतो. फलाटाच्या तोंडाशी एक वयस्क हवालदार उतारूंच्या पिशव्या चाचपत होता. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांवर पोलिसांचा विशेष जीव. तरण्याबांड माणसांना थांबवत होता, पांढऱ्या केसांच्या बायकांना जा म्हणत होता. बाईंनाही त्यानं हातानंच पुढं जायची खूण केली. जाता जाता सवयीनं विचारलं, "क्या है अम्मा, बॅग में?"

"शराब," बाई म्हणाल्या.

हवालदार हसला. शेजारच्या हमालाला म्हणाला, "देखो, अम्मा मजाक कर रहे."

मी बाईंची बॅग उचलून पुढं सटकलो. बाई जागच्या हलल्या नाहीत. "मजाक नहीं कर रही मैं. शराब है. फ्रान्स की है."

"अम्मा, जाओ ना घर को. लोगां पीछे खड़े हैं."

"ए पुणेवाले, बॅग इकडं आण," बाईंनी मला हाक मारली. मी आणली. मला पर्याय नव्हता. त्यांनी फलाटावरच बॅग उघडली, स्वेटरच्या घडीतून ती वाकड्या मानेची बाटली काढली आणि हवालदारापुढे धरली. भोवती गर्दी जमली. हवालदारानं बाटली उलटसुलट केली, नाकाचं चित्र पाहिलं, मग बाईंचं नाक पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"सर्दी की दवा है!"

"दवा नहीं है."

"अम्मा, नाक का फोटू है, साफ दिख रहा. आप पढ़े-लिखे लोगां, दवा को बी शराब बोल के परेशान करते." त्यानं बाटली स्वतःच्या हातानं स्वेटरात गुंडाळून बॅगेत ठेवली आणि मला दटावलं, "ले के जाओ इनको. सफर का असर है."

रिक्षात बाई घुश्शात होत्या. सुटका झाली याचा त्यांना आनंद नव्हता, आपल्यावर विश्वास ठेवला नाही याचा राग होता.

खरं वादळ घरी झालं. नाना दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. गल्लीतल्या सभेत त्यांनी भाषण केलेलं, गळ्यात हार पडलेला. बहिणीनं बॅगेतून बाटली काढून दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवली तेव्हा मी चहाचा कप तोंडाला लावत होतो. नानांनी चष्मा लावला, चिठ्ठीवरचं नाक पाहिलं, आत वाइन आहे हे बहिणीकडून ऐकलं, आणि उठून आधी खिडक्या लावल्या.

"सुमन, ही मोरीत ओत. आत्ताच्या आत्ता."

"नाही ओतणार."

मला वाटतं नानांना ते ऐकूच आलं नाही. त्या घरात ते वाक्य पूर्वी कधी बोललं गेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सांगितलं. बाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

"अगं, कायद्यानं गुन्हा आहे. घरात बाळगणं हाच गुन्हा. मी वकील माणूस."

"मग काय करायचं ते कायद्यात बघा. मोरीत ओतणार नाही. तुम्हाला न विचारता घेतलेली माझी ही पहिली वस्तू आहे, नाना. पन्नास वर्षांत पहिली."

नाना खाली बसले. मी चहा अर्धा टाकून निघालो.

त्या दिवसापासून भावंडांचं बोलणं बंद झालं. घरात तिसरं माणूस नसल्यानं अबोला फार अवघड जात होता. नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून भिंतीला सांगत, "आज दोडका आहे." बाई फोडणीला सांगत, "कळलं." मी कागदपत्रं द्यायला गेलो की दोघांनाही हायसं वाटे. "तुझ्या मॅडमना सांग, माझा कोट धोब्याकडे आहे." "वकीलसाहेबांना सांग, तो कालच आणलाय, कपाटात बघा." दोघं एकाच खोलीत, आणि मी मधल्या खुर्चीवर.

पण बाईंच्या मनाला गुन्ह्याचं टोचत होतं. एके दिवशी दुपारी त्या मला म्हणाल्या, "चल, आबकारीच्या ऑफिसात जायचंय. मी सांगून टाकते." मी पुष्कळ समजावलं. रेड्डीनं तर हात जोडले. उपयोग झाला नाही. निघण्यापूर्वी मी गुपचूप नानांना फोन केला.

आबकारी अधिकारी मध्यमवयीन, दमलेला, भला माणूस होता. टेबलावर ती बाटली ठेवून एक बाई स्वतःहून कबुलीजबाब देते आहे, हे त्याच्या नोकरीत पहिल्यांदा घडत होतं. तो विचार करत असतानाच दार उघडलं आणि नाना आत आले. काळा कोट, पांढरा गळपट्टा, हातात कायद्याचं जाडजूड पुस्तक. घामानं निथळलेले. बहिणीकडे न बघता ते अधिकाऱ्यापुढे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मैं मुलजिमा की तरफ से हाजिर हूँ."

"इनको बोलिए, मुझे वकील नक्को," बाई अधिकाऱ्याला म्हणाल्या.

"मेरी मुवक्किल को बोलिए, खामोश रहें," नाना अधिकाऱ्याला म्हणाले.

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "भाई-बहन हैं. बात बंद है."

मग नानांनी जो युक्तिवाद केला, तसा त्यांनी कोर्टात क्वचितच केला असेल. माझी मुवक्किल आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. तिनं स्टेशनवर शराब म्हणून जाहीर केलं, सरकारनं त्याला दवा ठरवलं, यात तिचा कसूर काय? जिच्या नाकावर शेकडो कुटुंबांची भाकरी चालते, जिनं परदेशात जाऊन या शहराची इभ्रत राखली, ती घरात एक काचेचं भांडं ठेवू शकत नाही? बोलता बोलता त्यांनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवून दिलं. "साहब, ही माझी बहीण आहे. हिनं आजवर माझ्याकडं काही मागितलं नाही. मी विचारलंही नाही." हे शेवटचं ते मराठीत बोलले, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण त्यानं मान हलवली.

बाई खाली बघत होत्या. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

अधिकारी म्हणाला, "वकील साहब, घर किसके नाम पे है?"

"मेरे."

"तो बोतल आपके कब्जे में मिली. मुलजिम आप बी हुए."

नाना मटकन खुर्चीत बसले. अधिकाऱ्यानं त्यांना पाणी दिलं आणि बाईंना विचारलं, "बीमारी के वास्ते परमिट मिलता. डॉक्टर का सर्टिफिकेट ला सकते?"

"मेरे को कोई बीमारी नहीं," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं कपाळ चोळलं. मग एकाएकी विचारलं, "आप लैब में हैं ना? आपके कारखाने को स्पिरिट का परमिट है. बोतल नमूना बोल के वहाँ जमा करो. खोलो, जाँच करो, बाकी फेंक दो. खाली बोतल जुर्म नहीं है."

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत इतकी गर्दी झाली, की मालक तपासणीला आलेत असं वाटावं. दारूबंदीनं गांजलेली माणसं कारखान्याच्या कानाकोपऱ्यातून काहीबाही कारण काढून येत होती. रेड्डीनं स्वतःचा पेलाही आणला होता. "मॅडम, दूसरा ओपिनियन चाहिए तो मैं हूँ."

"मागे सरक," बाई म्हणाल्या.

वाकड्या मानेत बुचाचा स्क्रू सरळ जाईना. शेवटी मेंटेनन्सच्या माणसानं पकडीनं ते बूच काढलं. बाईंनी थोडी वाइन चंचुपात्रात ओतली, उजेडात धरली. रंग: गडद लाल, स्वच्छ. मग नाक खाली नेलं आणि डोळे मिटले. "पिकलेली जांभळं," त्या हळूहळू म्हणाल्या. "ओलं लाकूड. आणि पाठीमागं... पुस्तकांच्या दुकानात आत, अगदी शेवटच्या फडताळाशी गेलं की येतो तो वास."

मी लिहून घेतलं. तिसरा रकाना होता चव. मी पेन उचलून थांबलो.

"रिकामा ठेवू मॅडम?"

"माझ्या अहवालात रकाना रिकामा राहत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी धुतलेला चमचा पुन्हा धुतला, भरला आणि तोंडात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी चिंचेचं, मग काढ्याचं, मग कशाचंतरी नाव न सुचणारं असं काही उमटून गेलं. "आंबट. तुरट," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "चाचणी दोनदा करायची असते." दुसरा चमचा घेतला. मग गंभीरपणे, "सरासरीला तीन आकडे लागतात," असं म्हणून तिसरा.

रेड्डी आशेनं पुढं झाला. बाईंनी बाटली उचलली आणि उरलेली सगळी वाइन बेसिनमध्ये ओतली. रेड्डीनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी एकाच रिक्षातून परतताना मी विचारलं, "एवढी वाईट होती का हो?"

"वाईट असती तर रेड्डीला दिली असती," बाई म्हणाल्या. "कायदा म्हणजे कायदा." आणि नारायणगुडा येईपर्यंत स्वतःशीच हसत राहिल्या.

रिकामी बाटली नानांनी धुऊन खाली ऑफिसात, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवली. पक्षकारानं विचारलं की केस बाजूला ठेवून सांगत, "आमच्या सुमननं फ्रान्सहून आणली. तिथले लोक तिच्यापुढं हात टेकून बसले होते." भिंतीशी बोलणं थांबलं. दोडक्याचा विषय निघाला की बाई सरळ म्हणू लागल्या, "आज नक्को."

पुढं मी पुण्याला परतलो. काही वर्षांनी कामासाठी हैदराबादला आलो, तेव्हा थंडीचे दिवस होते आणि नामपल्लीच्या मैदानावर प्रदर्शन भरलं होतं. वेळ काढून गेलो. आकाशपाळण्यापाशी गर्दीत नाना दिसले. खूप वाकले होते, पण कोट तोच. दोन्ही हातांत एकेक बाईमाणसाची चप्पल, छातीशी धरलेली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं, पण बोलायला सवड नव्हती. त्यांचे डोळे वर होते.

"तिसऱ्यांदा बसलीय," ते म्हणाले. "चपला खाली पडतील म्हणून काढून दिल्या. मी म्हणलं, सुमन, वय काय आपलं. तर म्हणे, तुम्ही धरा फक्त."

मी वर पाहिलं. पाळणा अगदी टोकाला जाऊन थांबला होता. त्यात एकट्या सुमनबाई बसल्या होत्या. भडक पोपटी साडी, पदर वाऱ्यावर सुटलेला, अनवाणी पाय हवेत सोडलेले. त्यांनी खाली भावाकडे पाहून लहान मुलीसारखा हात हलवला. नानांनाही हलवायचा होता, पण दोन्ही हातांत चपला. मग त्यांनी चपलाच उंच केल्या आणि गर्दीच्या डोक्यावरून जोरजोरात हलवल्या.